चार कॉर्ड येतात, पुढे काय? गिटारवर साथ करण्यापर्यंतची वाटचाल

सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर जमतात. एफ आला की गाणं अडतं. व्हिडिओ बघून बसवलेली पाच-सहा गाणी येतात, पण त्यातलं एकही शेवटपर्यंत न थांबता वाजत नाही. गिटार शिकणारे बहुतेक जण इथे येऊन रुततात, आणि रुतले की नव्या कॉर्ड, अवघड सोलो नाहीतर नवी गिटार यांच्या मागे लागतात. अडचण बहुधा दुसरीकडेच असते. उजवा हात अजून लयीला पक्का झालेला नसतो.

मध्यम पातळी कशाला म्हणायचं, याची एकच कसोटी इथे धरली आहे. समोर गाणारं कोणी बसलं, त्यांनी "काळी चार" (गाण्यासाठी पेटीवरची पट्टी) सांगितली, मुखडा गुणगुणून दाखवला, आणि तुम्ही कागद न बघता चार मिनिटं सलग साथ केलीत, तर तुम्ही नवशिके राहिला नाहीत. खाली जे काही आहे ते या कसोटीसाठी निवडलेलं आहे. रोज ४० मिनिटं दिलीत तर साधारण आठ ते बारा महिन्यांचं हे काम आहे.

आधी गिटार तपासा

हे सर्वांत आधी, कारण पहिल्या वर्षात अनेकांची बोटं कमी पडत नाहीत, त्यांच्या गिटारच्या तारा वाजवीपेक्षा उंच असतात. शाळेतली मिलिमीटरची पट्टी घ्या. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेला ते २.४ ते २.८ मिमी आणि पहिल्या तारेला १.८ ते २ मिमी असावं. साडेतीन मिमीच्या वर असेल तर त्या गिटारवर बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी तारांवर आडवी ठेवून धरायची कॉर्ड, शिकणं म्हणजे स्वतःला शिक्षा आहे.

दुसरी तपासणी नटची, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. तिथे ठळक उजेड दिसत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. अशा गिटारवर एफ लावताना दुप्पट जोर लागतो, आणि दोष मात्र शिकणारा स्वतःच्या बोटांना देतो. खाचा घासायचं काम दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या. एक घाव जास्त बसला की उघडी तार पहिल्या फ्रेटवर खरखरायला लागते आणि मग नटच बदलावा लागतो. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून उंची कमी करायची असेल तर हिशोब असा: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी व्हायला सॅडल एक मिमी खाली यावं लागतं.

मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, गिटारची पुढची फळी किंचित फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. मे महिन्यात सहज लागणारी कॉर्ड जुलैत जड वाटली तर आधी पट्टी लावून बघा. गिटार भिंतीला टांगण्यापेक्षा पेटीत किंवा जाड कव्हरात ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, आणि वाजवून झाल्यावर तारा सुक्या सुती फडक्याने वरून आणि खालून पुसा. किनारपट्टीवर साध्या तारांना दोन-अडीच महिन्यांत गंज धरतो. गंजलेल्या तारेवर बोट घासतं, आणि ती सुरातही नीट बसत नाही.

तारा बदलताना बाराऐवजी अकराचा किंवा दहाचा सेट घ्या. हे आकडे पहिल्या तारेच्या जाडीचे आहेत, ०.०१२, ०.०११ आणि ०.०१० इंच. आवाज थोडा बारीक होतो, पण बोटांवरचा भार स्पष्ट कमी होतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला मात्र स्टीलच्या तारा कधीही लावू नका. तो ताण तिच्या ब्रिजला पेलत नाही, ब्रिज उखडतो.

उजवा हात: केरवा आणि दादरा

मराठी भावगीत, भक्तिगीत, हिंदी सिनेमाचं गाणं, यांतली बरीच गाणी केरवा आणि दादरा या दोन तालांत बसतात. हे दोन हातात आले की शेकडो गाण्यांचा अर्धा भाग झाला. म्हणून "डाउन डाउन अप" असल्या पॅटर्नच्या याद्या पाठ करण्याऐवजी ठेक्याचे बोल तोंडाने म्हणत हात चालवा.

केरव्याच्या आठ मात्रा आणि त्यावर हाताची चाल अशी:

धा – डाउन
गे – हात वर, तारांना न लागता
ना – डाउन
ति – अप
न – हात खाली, तारांना न लागता
क – अप
धि – डाउन
न – अप

यात एक गोष्ट नीट बघा. हात एकदाही थांबत नाही. विषम मात्रेला तो खालीच जातो, सम संख्येच्या मात्रेला वरच येतो. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तो फक्त तारांपासून बोटभर दूर राहून जातो. आणि पाचवी मात्रा कोणती? केरव्याची खाली, म्हणजे तालातली रिकामी मानलेली जागा. तबल्यावर तिथे डग्ग्याचा घुमारा बंद असतो, गिटारवर तिथे हात हवेतून जातो. जगभर वाजणारा हा स्ट्रमिंग पॅटर्न आपल्या ठेक्याशी इतका नेमका जुळतो, म्हणून तबल्याबरोबर तो कधी उपरा वाटत नाही.

शिकायचा क्रम असा. पहिले तीन दिवस डाव्या हाताची बोटं सहाही तारांवर नुसती टेकवून ठेवा, दाबू नका. तारांतून फक्त खरखर निघेल. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिकणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर ठेवा, एका टिकला दोन मात्रा, म्हणजे एका आवर्तनात, आठ मात्रांच्या एका फेरीत, चार टिक. बोल मोठ्याने म्हणा. दोन मिनिटं एकही चूक न होता गेली की वेग ४ ने वाढवा. १०० पर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. चौथ्या दिवसापासून एकच कॉर्ड धरा, ई मायनर बरी. त्यानंतर दोन कॉर्ड, दर आवर्तनाला बदलून.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे रिकाम्या मात्रेला हात थांबवणं. आवाज काढायचा नाही म्हणजे हलायचंही नाही, असं मन धरून चालतं. हात थांबला की पुढचा ठोका अंदाजाने पडतो आणि बहुधा लवकर पडतो. कानाने ही चूक पकडणं कठीण जातं, म्हणून फोन बाजूला उभा करून फक्त उजव्या हाताचं एक मिनिट चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. हात घड्याळाच्या लंबकासारखा सारख्या टप्प्याने वर-खाली व्हायला हवा. पाचव्या मात्रेला किंचितही अडखळ दिसली तर वेग १० ने उतरवा.

दुसरी चूक जोराची. नवशिका प्रत्येक झटक्याला सहाही तारा झोडपतो. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, फक्त जाड दोन-तीन तारा वाजवा, तिसऱ्या मात्रेपासून बारीक तारांकडे या, आणि अप स्ट्रोकला दोन-तीन बारीक तारांनाच पिक लागू द्या. समेला डग्गा आणि पुढे चाट (तबल्याच्या कडेचा टणक आवाज), असं एकाच वाद्यात ऐकू येऊ लागेल. पिक ०.६ ते ०.७ मिमी जाडीचं घ्या, टोक पाच मिमीच बाहेर ठेवा. हाताला लागलेलं पाणी झटकतो तशी मनगटाची हालचाल हवी. कोपरापासून पूर्ण हात हलवलात तर दोन गाण्यांत खांदा भरून येईल.

दादरा सहा मात्रांचा, धा धी ना, धा ती ना. संथ गाण्याला पहिल्या मात्रेवर कॉर्डची जाड तार एकटी, पुढच्या दोन मात्रांवर बारीक तारांचे दोन हलके डाउन. चौथ्या मात्रेवर दुसरी जाड तार आणि पुन्हा दोन डाउन. सी कॉर्ड असेल तर पहिल्या मात्रेला पाचवी तार, चौथीला चौथी तार. लय चढली की पिक ठेवून द्या आणि बोटांनी वाजवा: अंगठा जाड तारेवर, मग तर्जनी तिसऱ्या, मधलं बोट दुसऱ्या, अनामिका पहिल्या तारेवर, आणि परत येताना मधलं बोट, तर्जनी. सहा मात्रांना सहा स्वर, अगदी मोजून. गोव्यातली दुलपदं नावाची लोकगीतंसुद्धा या सहाच्या चालीवर छान बसतात.

दोन्ही ताल ८०-९० च्या वेगाला स्थिर झाले की केरव्यासाठी मेट्रोनोम निम्म्यावर आणा. आता टिक फक्त समेवर आणि खालीवर पडेल, मधली जागा तुम्ही भरायची. पाच मिनिटांत टिक तुमच्या हाताखालून निसटते का, हे बघणं ही लयीची खरी परीक्षा.

कॉर्ड बदलताना लय का तुटते

कॉर्ड ठाऊक असते, पण बोटं एकेक करून बसतात. त्यातही आधी तर्जनी बसते, मग मधलं बोट, शेवटी अनामिका. डाउन स्ट्रोकला मात्र आधी जाड तार वाजते, आणि सी कॉर्डमध्ये त्या तारेवर अनामिकाच असते. म्हणून क्रम उलटा करा, जाड तारेवरचं बोट आधी टेकू द्या. कॉर्ड धरा, चारही बोटं एक सेंटिमीटर उचला, आकार न मोडता पुन्हा टेकवा. एका जोडीसाठी रोज वीस वेळा पुरे.

मग मोजमाप. एका मिनिटात सी ते जी किती वेळा स्वच्छ बदलता येतं ते मोजून वहीत लिहा. तीसच्या खाली असेल तर ती जोडी गाण्यात अडणारच. पन्नासच्या वर गेली की तिच्याकडे बघायची गरज उरत नाही. आठवड्याला दोनच जोड्या घ्या.

न हलणारी बोटं ओळखा. सी वरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. जी कॉर्ड अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवून धरलीत, तर डी ला जाताना ती अनामिका तशीच राहते, आणि सी च्या जागी सी ॲड नाइन घेतलीत तर करंगळीसुद्धा.

आणि एक सवलत, जी उत्तम वादकही घेतात. आठव्या मात्रेच्या अप स्ट्रोकला बोटं उचललेली असली आणि तारा उघड्या वाजल्या तरी ऐकणाऱ्याला ते खटकत नाही. समेवर नवी कॉर्ड ठाम पडली पाहिजे, बस्स. ही एक मात्रा उसनी घ्यायला शिकलात की निम्मी धडपड संपते.

बार कॉर्ड

एफ पहिल्या फ्रेटवर शिकू नका. नट जवळ असल्याने तिथे तार सर्वांत ताठ लागते. सुरुवात पाचव्या फ्रेटवर करा. तोच आकार तिथे ए मेजर होतो: तर्जनी पाचव्या फ्रेटवर आडवी, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर, अनामिका पाचव्या आणि करंगळी चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर.

या आकारात तर्जनीला सहा तारा दाबायच्याच नसतात. पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर बोटांनी धरलेली आहे. तर्जनीच्या वाट्याला येतात फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. म्हणजे बोटाचं टोक आणि मुळाकडचा भाग कामाचा, मधला भाग सैल असला तरी चालतं. हे कळलं की जोर निम्म्यावर येतो. मायनरच्या आकारात तिसरी तारही तर्जनीकडे येते, म्हणून मायनर नंतर घ्या.

तर्जनी सपाट ठेवू नका. अंगठ्याकडच्या, हाडाळ कडेवर किंचित कलती करा आणि फ्रेटच्या धातूला अगदी चिकटून ठेवा. दुसरी तार बुजत असेल तर बहुधा ती बोटाच्या पेराच्या घडीत अडकलेली असते. जोर वाढवण्याआधी तर्जनी दोन-तीन मिमी वर किंवा खाली सरकवून बघा. अंगठा नेकच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर हवा. चिमटा काढल्यासारखा दाबू नका, उजव्या हाताच्या कोपराखाली गिटार अंगाशी धरा आणि डाव्या दंडाच्या वजनाने नेक मागे ओढा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर तुम्ही चिमटा काढत आहात. बोटांची टोकं हुळहुळणं ठीक, मनगटात किंवा अंगठ्याच्या सांध्यात कळ आली तर त्या दिवशी थांबा.

वीस सेकंद धरा, एकेक तार वाजवून ऐका, दहा सेकंद हात सोडा. रोज पाच मिनिटं, जास्त नाही. पाचव्या फ्रेटवर सहाही तारा स्वच्छ झाल्या की चौथ्यावर या. पहिल्या फ्रेटपर्यंत यायला सहा ते दहा आठवडे लागतात. तोपर्यंत गाणी थांबवू नका. चार तारांची छोटी एफ घ्या: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्या, आणि दुसरी-पहिली तर्जनीने पहिल्या फ्रेटवर.

हा आकार आला की सहाव्या तारेवरचे स्वर पाठ करा. पहिला फ्रेट एफ, तिसरा जी, पाचवा ए, सातवा बी, आठवा सी, दहावा डी. ए कॉर्डच्या आकाराच्या बारला पाचवी तार बघायची: दुसरा बी, तिसरा सी, पाचवा डी, सातवा ई, आठवा एफ, दहावा जी. बी मायनर, सी शार्प मायनर यांची भीती इथे संपते. दुसऱ्या फ्रेटवर ए मायनरचा आकार बारसह धरला की बी मायनर झाली.

काळी चार म्हणजे कुठे?

आपल्याकडे गाणारे जी शार्प असं म्हणत नाहीत, पेटीवरची पट्टी सांगतात. हा अनुवाद तोंडपाठ हवा. पांढरी १ सी, काळी १ सी शार्प, पांढरी २ डी, काळी २ डी शार्प, पांढरी ३ ई, पांढरी ४ एफ, काळी ३ एफ शार्प, पांढरी ५ जी, काळी ४ जी शार्प, पांढरी ६ ए, काळी ५ ए शार्प, पांढरी ७ बी.

कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. तो प्रत्येक फ्रेटला अर्धा स्वर चढवतो. सी, डी आणि जी या तीन कुटुंबांच्या (त्या स्वराला सा धरून लागणाऱ्या) उघड्या कॉर्ड येत असतील तर सगळ्या पट्ट्या निघतात. काळी १ साठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चं कुटुंब. काळी २ साठी पहिल्यावर कॅपो आणि डी. पांढरी ३ साठी दुसऱ्यावर कॅपो आणि डी, पांढरी ४ साठी तिसऱ्यावर कॅपो आणि डी, काळी ३ साठी चौथ्यावर कॅपो आणि डी. काळी ४ साठी पहिल्यावर कॅपो आणि जी, पांढरी ६ साठी दुसऱ्यावर, काळी ५ साठी तिसऱ्यावर, पांढरी ७ साठी चौथ्यावर, कुटुंब जी चंच. अनेक गायिका काळी ४ किंवा काळी ५ सांगतात, तेव्हा जी चं कुटुंब आधी पक्कं करा.

कॅपो फ्रेटच्या धातूला लागून, सरळ बसवा. मधोमध बसवला की तारा वाकून सूर चढतो. लावल्यावर पुन्हा सूर जुळवा, प्रत्येक वेळी. आणि पेटीबरोबर बसणार असाल तर ट्यूनरवर विसंबू नका. पेटी ४४० ला, म्हणजे ट्यूनर धरतो त्या प्रमाण सुराला, असेलच असं नाही, आणि तिला जागच्या जागी जुळवता येत नाही. पांढरी ६ धरून ठेवायला सांगा, पाचवी तार तिच्याशी मिळवा. दोन आवाजांतला डोल संथ होत होत थांबला की सूर लागला. ट्यूनर ॲपमध्ये ४४० बदलून ४४२ वगैरे करता येतं. पेटीचा आकडा एकदा तिथे लिहून घेतलात की बाकीच्या तारा झटपट होतात.

कानाने कॉर्ड शोधणं

इंटरनेटवरच्या कॉर्ड अनेकदा चुकीच्या असतात, आणि बरोबर असल्या तरी त्या बघून वाजवणाऱ्याचा कान बंदच राहतो. सरगम येत असेल तर हे काम तुम्हाला सोपं आहे. गाण्याचा सा शोधा, म्हणजे मुखडा जिथे विसावतो तो स्वर, गुणगुणत सहाव्या तारेवर सापडेपर्यंत फ्रेट चढत जा. सगळे शुद्ध स्वर असलेल्या गाण्यात सा, म आणि प वर मेजर कॉर्ड बसतात, रे, ग आणि ध वर मायनर. सा जर सी असेल तर सी, एफ, जी आणि डी मायनर, ई मायनर, ए मायनर. आधी सा, म, प या तिघांवर पूर्ण गाणं बसतं का बघा. जिथे खटकेल तिथे ध ची मायनर लावून बघा. कॉर्ड बहुतेक वेळा समेवर बदलते, त्यामुळे शोधायच्या जागाही ठरलेल्या असतात.

गाण्यात कोमल नी आला, खमाज थाटासारखा, की प वरची मेजर कॉर्ड टोचते, कारण तिच्या पोटात शुद्ध नी आहे. तिथे प वर मायनर किंवा कोमल नी वर मेजर घ्या. म्हणजे सी मध्ये जी मायनर किंवा बी फ्लॅट. भैरवीसाठी सा ई वर धरणं गिटारवर फार सोयीचं. ई, एफ, जी, ए, बी, सी, डी, म्हणजे रे, ग, ध, नी सगळे आपोआप कोमल. ई मायनर, एफ, जी, ए मायनर, सी, डी मायनर एवढ्यात भैरवीतली बहुतेक गाणी निघतात आणि बार फक्त एफ ला लागतो. कॉर्ड लावताना हावरेपणा करू नका. रागाच्या जवळच्या गाण्यात दोनच कॉर्ड बऱ्या दिसतात, प्रत्येक स्वराखाली नवी कॉर्ड ठेवली की गाण्याचा रंग उडतो.

थोडी सुरावट

मधल्या जागा भरायला एकच नकाशा पुरे. सा म्हणजे सी धरून भूप राग असा वाजतो: सहाव्या तारेचा आठवा फ्रेट सा, पाचव्या तारेवर पाचवा रे आणि सातवा ग, चौथ्या तारेवर पाचवा प आणि सातवा ध, तिसऱ्या तारेवर पाचवा वरचा सा आणि सातवा रे, दुसऱ्या तारेवर पाचवा ग आणि आठवा प, पहिल्या तारेवर पाचवा ध आणि आठवा तार सा. दोन सप्तकं, हात पाचव्या फ्रेटवरून न हलवता. याच जागा ठेवून सा ए वर नेलात, म्हणजे सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तर धानी रागाचे स्वर मिळतात. पाश्चात्त्य शिकवणीत यालाच ए मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात, रॉक आणि ब्लूजमधली असंख्य सुरावट याच जागांतून निघते.

मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाण्यासाठी, तार ढकलताना एकट्या बोटाने ढकलू नका. अनामिका, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी, तिन्ही एकाच तारेवर. दुसऱ्या तारेवर आधी दहावा फ्रेट वाजवून तो स्वर कानात धरा, मग आठवा दाबून तार ढकलत त्या स्वरापर्यंत न्या. बहुतेकांची मींड कमी पडते, बेसूर होते आणि वादकाच्या लक्षातही येत नाही. बाराच्या सेटवर तार इतकी ढकलणं फारसं जमत नाही, हे आणखी एक कारण दहाच्या सेटचं.

चाळीस मिनिटं

सूर जुळवणं आणि बंद तारांवर ठेका ५ मिनिटं, केरवा-दादरा मेट्रोनोमवर १०, कॉर्डच्या जोड्या ५, बार ५, आणि उरलेली १५ एकच गाणं. ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चुकलं तरी न थांबता. रोज फक्त मुखडा वाजवणाऱ्याचा मुखडा सुंदर होतो आणि अंतऱ्यात तो अडकतो, कारण अंतऱ्याला हात कधी लागलेलाच नसतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस अंतऱ्यापासून सुरू करा. शनिवारी फोनवर पूर्ण गाणं ध्वनिमुद्रित करा आणि सुरुवातीची व शेवटची लय मेट्रोनोमशी ताडून बघा. दहापेक्षा जास्त फरक पडला तर पुढचा आठवडा नव्या गाण्याला हात लावू नका.

साथीला बसल्यावर

पट्टी विचारा, कॅपो लावा, सूर जुळवा. मग गाणाऱ्याला मुखडा एकदा म्हणू द्या आणि मांडीवर ठेका धरून लय पकडा. तुमच्या सवयीची लय त्यांच्यावर लादू नका. एक आवर्तन सा ची कॉर्ड वाजवून त्यांना सम द्या. शब्द चालू असताना गिटार आवाजाच्या खाली राहिली पाहिजे, मोकळ्या जागेत थोडी वर येऊ द्या. गाणारा चाल गात आहेच, तीच चाल तारेवर वाजवू नका.

हरवलात तर डावा हात सैल करून तारा बंद करा, उजवा हात तसाच फिरता ठेवा. खरखर लयीत चालू राहिली तर बहुतेकांना कळतही नाही. समेवर सा ची कॉर्ड धरून परत या.

शेवटी बहुतेक गाणारे मुखड्याची ओळ पुन्हा घेतात आणि लय थोडी सोडतात. तिथे डोळे फ्रेटवरून काढून त्यांच्याकडे लावा. शेवटच्या अक्षरावर सा ची कॉर्ड, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सावकाश उलगडत एकच डाउन, आणि त्यांचा आवाज थांबला की ब्रिजजवळ तळहाताची कड टेकवून तारा मिटवा.